दुष्काळातलं दूध

रोज पहाटेची नमाज झाली की दहबोआपा तवा तापत ठेवायच्या आणि आंबवलेलं पीठ पळीने त्यावर गोल गोल सोडत जायच्या, मधून सुरू करून कडेपर्यंत. आपल्या आंबोळीसारखाच तो प्रकार, जाळीदार आणि किंचित आंबूस. सोमाली लोक त्याला अंजेरो म्हणतात. प्रत्येक अंजेरोला त्या एकेका घराचं नाव घ्यायच्या. पहिला बांग देणाऱ्या म्हाताऱ्याच्या घरचा, दुसरा तिरळ्या शिंप्याच्या घरचा, तिसरा सुईणीच्या घरचा, असं करत विहिरीपासून उताराने खाली समुद्राकडे. पीठ संपलं की गाव त्या दिवसापुरतं तिथे थांबायचं आणि दुसऱ्या पहाटे पुढच्या घरापासून चालू व्हायचं. त्या घरांपैकी बहुतेकांना छप्पर राहिलेलं नव्हतं आणि नावांपैकी बरीचशी माणसं जमिनीखाली होती, पण म्हणताना आपांच्या आवाजात रडं नसायचं. वाढताना पंगतीत कोण राहिलं, कुणाचं झालं हे बघतात, तसा तो आवाज असायचा.

शालिनीचं स्वयंपाकघर बरोबर समोर होतं. दोन खिडक्यांमध्ये हात लांब केला तर वाटी देता येईल एवढीच पोकळी, आणि खाली एसीचं पाणी ठिबकत असलेले पाइप. दुबईच्या देरा भागात, नाइफ बाजाराच्या मागे ही चार मजली इमारत होती. शालिनी मूळची मिरजेची. तिचा नवरा अंबादास व्हॅनमधून अल क्वोजच्या कामगारांच्या कॅम्पांत डबे पोचवायचा आणि ती अंधार असतानाच पोळ्यांना लागायची. लाटता लाटता समोरची नावं तिच्या कानावर इतकी वर्षं पडली की पाढ्यांसारखी पाठ झाली. एकदा अंबादासने विचारलं, ही बाई रोज सकाळी कुणाच्या नावाने खडे फोडते? शालिनी म्हणाली, खडे कसले, गाव जेवायला वाढतेय.

गावाचं नाव एल-गराब. एल म्हणजे विहीर. सोमालियाच्या किनाऱ्यावर मैलोगणती खारी वाळू, आणि त्या वाळूत गोड्या पाण्याची ही एकच जागा. तिच्याभोवती दोन कुळांची माणसं राहायची. वर विहिरीपाशी उंट-शेळ्या पाळणारे, खाली होड्या आणि जाळी असलेले. आपा आपल्या हिंदीत त्यांना कुएँवाले आणि किनारेवाले म्हणायच्या. हे हिंदी त्यांनी गावातच उचललं होतं. इटालियन लोकांनी मिठागरं काढली होती, ती बंद पडल्यावर मिठाच्या गोदामाची एक भिंत चुन्याने रंगवून तिच्यावर शुक्रवारी हिंदी सिनेमा दाखवत. एका बाजूला कुएँवाले चटया टाकून बसत, दुसऱ्या बाजूला किनारेवाले. मध्ये मिठाच्या वाघिणींचे गंजलेले रूळ. नायिका रडली की दोन्हीकडच्या बायका रडत, आणि नायकाने खलनायकाला धरलं की दोन्हीकडचे पुरुष उठून उभे राहत, मग मागच्यांच्या शिव्या खाऊन खाली बसत. हे सांगताना आपा स्वतः उठून उभ्या राहायच्या आणि शालिनीच्या पोळ्या करपायच्या.

विहीर कुणी खणली याच्या गावात दोन गोष्टी होत्या. कुएँवाले म्हणत, आमच्या पणजोबांनी कुदळ चालवली. किनारेवाले म्हणत, आमच्या होडीचा काथ्याचा दोर नसता तर तुमचा पणजोबा आणि त्याची कुदळ दोन्ही खालीच राहिले असते. आपा दोन्ही गोष्टी सारख्याच मन लावून सांगत, आणि त्यांतली खरी कुठली हे शालिनीने कितीदा विचारलं तरी त्यांनी कधी सांगितलं नाही.

म्हणूनच लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. लढाईनंतर त्या गावातली जी कुटुंबं दुबई-शारजाला पोचली होती, त्यांत सोयरीक जुळवायची झाली की आधी कुणीतरी दहबोआपांकडे येऊन बसायचं. मुलाची आजी मुलीच्या आजोबांची कोण, कुणी कुणाचं मूल पाजलं होतं, हे त्यांनाच ठाऊक. यातलं शेवटचं फार महत्त्वाचं. एका बाईचं दूध प्यायलेली मुलं त्यांच्याकडे भावंडं ठरतात, पोटची असोत की परकी, आणि भावंडांचं जे नातं तेच पुढे त्यांच्या लेकरांनाही लागू होतं. आपा डोळे मिटून आठवत आणि सांगत. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणत. त्यांनी नाही म्हटलं की खलास, कितीही मोठं घर असलं तरी ते लग्न मोडायचं.

स्वतःच्या लग्नाबद्दल त्यांनी शालिनीला एकदाच सांगितलं. त्या किनाऱ्याच्या. चौदाव्या वर्षी त्यांना विहिरीकडे देऊन टाकलं. दोराच्या भांडणात किनाऱ्याच्या एकाने विहिरीकडचा एक पोरगा कुऱ्हाडीने मारला होता. दोन्हीकडचे जाणते बाभळीखाली बसले, आणि उठले तेव्हा दहबोचं नाव घेऊनच उठले. तिकडे म्हण आहे, रक्त सांडलेली जमीन बाळंतपणाच्या पाण्यानेच धुऊन निघते. ज्यांचा माणूस मेला त्यांच्या घरात मारणाऱ्यांची मुलगी जाते, तिला मूल होतं आणि वैर मिटतं, अशी ती रीत. ढोल वाजले नाहीत. मेलेल्याच्या भावाशी निकाह लागला. माणूस वाईट नव्हता, आपा म्हणाल्या, हात नाही उचलला कधी. फक्त पहिलं वर्षभर जेवताना माझ्याकडे पाठ करून बसायचा.

मुलगा झाला, अब्शिर. ते दुष्काळाचं वर्ष होतं. चौऱ्याण्णव साली शालिनीच्या वेदांगचा जन्म झाला आणि तिला दूध येईना, तेव्हा आपांनी हे सांगितलं होतं. शालिनी तोंड फिरवून रडत होती. आपा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या होत्या, मला तर थेंब नव्हता. अब्शिर शेळीच्या दुधावर वाढला आणि उंटाएवढा झाला. तू कशाला रडतेस, तुझ्याकडे तर डब्याचं दूध आहे.

हा उंटाएवढा अब्शिर ब्याण्णवमध्ये गेला. देशात सरकार उरलं नव्हतं, बंदुका गावापर्यंत पोचल्या होत्या. आधी विहिरीकडच्यांनी मिठागरात किनाऱ्याची माणसं गाठून मारली. मग किनाऱ्याचे लोक समुद्रातून परतून आले आणि त्यांनी वरची घरं जाळली. अब्शिर आणि त्याची बायको त्यात संपली. कोण कुणाच्या गोळीने मेलं, हे आपांना माहीत होतं की नाही, शालिनीने विचारलं नाही. सात वर्षांची नात कमरेला ओढणीने बांधून आपा कोळशाच्या गलबतातून शारजाच्या खाडीत उतरल्या, एवढं तिला माहीत होतं. आपांचा धाकटा दीर हाजी दुआले आधीपासून देऱ्यात दुकान चालवत होता. दोघींचा व्हिसा त्याच्या नावावर, खोली त्याच्या नावावर, आणि कुळात आता तोच मोठा.

नात म्हणजे दीका. ती शालिनीच्या ऋताबरोबर इंडियन स्कूलमध्ये जायची. तिला हिंदीच्या कविता पाठ होत्या, उकडीचे मोदक ऋतापेक्षा सुबक यायचे. अय्यो म्हणजे आजी. आजी सोमालीत बोलली की ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. "आय नो, अय्यो, आय नो." आपा शालिनीला म्हणायच्या, हिला सगळं नो आहे, फक्त भांडी कुठे ठेवतात ते नो नाही.

दोन हजार साली गावात शांतता करायचं ठरलं. दोन्ही कुळांची माणसं दमली होती. विहिरीत कुणीतरी मेलेली जनावरं टाकली होती, ती उपसायला दोन्हीकडचे हात लागणार होते. मिठागरात मेलेले जास्त, म्हणून यावेळी देणं विहिरीकडच्यांचं. मुलगी विहिरीकडून किनाऱ्याला जाणार. किनाऱ्याच्या लिबानचे दोन भाऊ मिठागरात मारले गेले होते, तेव्हा मुलगी लिबानच्या घरात जायची. तो चौतिशीचा होता. आणि विहिरीकडच्या मोठ्या घरातली लग्नाजोगी मुलगी म्हणजे अब्शिरची दीका.

शालिनीला हे दीकाकडूनच कळलं. ती ऋताबरोबर गणिताच्या परीक्षेचा अभ्यास करत बसली होती. पेन्सिलीला टोक काढता काढता म्हणाली, "आंटी, दे आर गिव्हिंग मी." शालिनीला आधी वाटलं, शाळेतलं काही बक्षीसबिक्षीस असेल.

मग शालिनीने आपांना सुचेल ते सगळं सुचवलं. शाळेत सांगू, अंबादासच्या ओळखीचा एक वकील आहे, दीकाला काही दिवस माझ्या बहिणीकडे ठेवू. आपा ऐकत राहिल्या. व्हिसा दुआलेकडे आहे, त्या म्हणाल्या. त्याने रद्द केला की विमानात दोघी, आणि विमान जिथे उतरणार तिथेच तर तिला न्यायचंय. त्या हाजी दुआलेकडे आधीच जाऊन आल्या होत्या. पोर पंधराची आहे, तिला समुद्राची भीती वाटते, शिकू दे, असं सगळं बोलून झालं होतं. दुआले शांतपणे म्हणाला होता, "तुला दिलं तेव्हा तू मेलीस का?"

बैठक शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर दुआलेच्या घरी पहिल्या मजल्यावर ठरली. गावाहून किनाऱ्याचे तिघे जाणते आले होते, लिबानही. बायका आतल्या खोलीत, दाराला पडदा. आपांनी शालिनीला बरोबर बस म्हटलं. का ते सांगितलं नाही. त्यांनी घरूनच नमाजआधी करतात तसं हातपाय धुऊन वजू करून घेतलं होतं, स्वच्छ पांढरी ओढणी घेतली होती. दीका शालिनीला चिकटून बसली आणि बाहेरचं बोलणं हलक्या आवाजात हिंदीत सांगू लागली. आपल्याच नावाचा व्यवहार ती मुलगी एखाद्या सिनेमाची गोष्ट सांगावी तशी सांगत होती.

बाहेर उंटांच्या, विहिरीच्या, दोराच्या गोष्टी झाल्या. मेलेल्यांची नावं घेतली गेली. ठरलेलं पक्कं करायला फातिहा म्हणायची वेळ आली. दुआलेने हात वर केले, तेवढ्यात आपा पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"हे लग्न होत नाही," त्या पडद्याआडून म्हणाल्या. "लिबान माझं दूध प्यायलेला आहे."

दीकाने भाषांतर केलं आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग किनाऱ्याच्या म्हाताऱ्याने विचारलं, कधी? आपांनी सांगितलं. दुष्काळाच्या वर्षी लिबानची आई त्याला जन्म देऊन गेली. त्याची मावशी त्याला ओढणीत घेऊन उतार चढून वर माझ्याकडे यायची. माझा अब्शिर मांडीवर असायचा. पोटभर पाजलं? पोटभर. किती वेळा? मोजायला कुणाला सुचलं होतं, पाऊस पडेपर्यंत पाजलं. लिबान अब्शिरचा दूधभाऊ, म्हणजे दीकाचा काका, सख्ख्यासारखाच.

दुआलेचा आवाज चढला. "इतकी वर्षं हे बोलली नाहीस."

"सोयरीक ठरवायच्या आधी मला विचारायची रीत आहे," आपा म्हणाल्या. "सगळे विचारतात. तुम्ही विचारलं नाहीत."

मुलगी रक्ताच्या बदल्यात द्यायची असली की तिची सोयरीक होतेय हेच कुणाच्या डोक्यात येत नाही. उंटाची वंशावळ विचारली असती, दीकाची विचारली नव्हती. दुआलेने कुराण आणायला सांगितलं. पडद्याखालून ते आत आलं, हिरव्या कापडात गुंडाळलेलं. आपांनी खाली बसून त्याच्यावर उजवा हात ठेवला आणि तेच सगळं पुन्हा, शब्द न बदलता म्हटलं. अजून कुणी साक्षीदार बाई आहे का, असं म्हाताऱ्याने विचारलं. दीकाने शालिनीच्या कानात सांगितलं, आजी म्हणतेय, शोधा. मावशी नाही, सुईण नाही, शेजारणी नाहीत. त्या वर्षी माझ्या दारात बसणारी एकही बाई तुम्ही मागे ठेवली आहेत का, ते दोन्हीकडच्यांनी मला सांगा.

मग पडदा हलला आणि एक उंच, हडकुळा माणूस खाली मान घालून आत आला. आता त्याला पडदा नव्हता. तो मुलगा होता. तो आपांच्या पायाशी बसला, त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन त्याने कपाळाला लावला आणि रडू लागला. आईविना वाढलेला माणूस. "होयो," तो म्हणत होता, "होयो." दीकाला याचं भाषांतर करायची गरज नव्हती. आपांनी क्षणभर दुसरा हात तसाच मांडीवर ठेवला. मग तो त्याच्या डोक्यावर ठेवला.

संध्याकाळी दोघी शालिनीच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत होत्या. डबे थांबत नाहीत. शालिनीला राहवलं नाही.

"आपा, तुम्हाला तर दूधच नव्हतं."

आपांनी सुरी थांबवली नाही. त्या म्हणाल्या, मावशी येत होती हे खरं. मूल ओढणीत असायचं हे खरं. आमच्या शेळीचं दूध मी दोन वाट्यांत काढायचे, एक अब्शिरची, एक त्याची. शेळीमुळे कुणी भाऊ होत नाही. मग कांद्याच्या टरफलांकडे बघत, "आजपर्यंत गावाबद्दल मी एक शब्द इकडचा तिकडे केला नव्हता, शालिनी."

दुसऱ्या दिवशी पहाटे समोरच्या खिडकीत तवा तापला, अंजेरो झाले, पण आवाज आला नाही. त्यानंतर तो कधीच आला नाही. शालिनीला पुढची घरं ठाऊक होती. एक-दोनदा तिच्याच तोंडून ती बाहेर पडली, आणि समोर आपांनी खिडकीचं दार लोटून घेतलं.

दीकाची परीक्षा झाली. तिला गणितात चांगले गुण पडले. शालिनीला वाटलं, सुटलो.

पण शांतता अडली होती, आणि ती कुणालातरी देऊन सोडवायची होती. तिसऱ्या मजल्यावर फिल्सन नावाची मुलगी होती. विहिरीकडचीच, दुआलेच्या मेलेल्या चुलतभावाची. आईबाप दोघं नाहीत, एका लांबच्या आत्याकडे राहायची आणि तिच्या चार मुलांचं बघायची. शाळेत कधी गेली नव्हती. जिन्यात भेटली की भिंतीला चिकटून वाट द्यायची. वय दीकाएवढंच. तिच्यासाठी पडद्याजवळ जाऊन उभी राहील अशी आजी तिला नव्हती.

कळलं तसं आपा खाली धावत गेल्या. शालिनी मागोमाग. दुआले दुकानाच्या दारात उभा होता, हातात चहाचा कागदी कप. आपा काय बोलल्या ते शालिनीला भाषेमुळे कळलं नाही, पण दुआलेने उत्तर मुद्दाम हिंदीत दिलं, तिलाही कळावं म्हणून.

"का, हिलाही पाजलं होतंस?"

आपा तशाच वळल्या. जिना चढताना त्या मध्येच कठड्याला धरून थांबल्या, आणि शालिनीने काखेत हात घातला तर त्यांचं अंग तिला फार जड लागलं.

मेंदी आपांनाच लावावी लागली. नवऱ्या मुलाची आई म्हणून तो मान त्यांचा होता. साऱ्या इमारतीतल्या बायका जमल्या, उदाचा धूर केला, टाळ्या वाजवून गाणी म्हटली. इथे कुणी ढोल अडवला नाही. फिल्सनच्या हातावर आपा वेलबुट्टी काढत होत्या आणि ती मुलगी खुशीत होती. तिच्यासाठी एवढी माणसं पहिल्यांदाच जमली होती. तिने शालिनीला विचारलं, आंटी, तिकडे समुद्र जवळ आहे म्हणतात, खरंच? आपांच्या हातून एक रेघ वाकडी गेली. बायका हसल्या, सासूबाई म्हाताऱ्या झाल्या म्हणाल्या. शारजाहून जुन्या रशियन विमानाने फिल्सन गेली.

विहीर उपसली. दोन्हीकडची माणसं परत राहायला लागली, छपरं घातली गेली, टेलिफोनचं एक दुकानही निघालं. दर शुक्रवारी लिबानचा फोन यायचा. होयो, तब्येत कशी आहे, गुडघे दुखतात का. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तो सुकवलेले मासे पाठवायचा, उंटाच्या मांसाचे तुपात मुरवलेले तुकडे पाठवायचा. अब्शिरच्या मारेकऱ्यांत याचं कुणी होतं का, हा प्रश्न शालिनीच्या जिभेवर अनेकदा आला. आपा डबा उघडायच्या, वास घ्यायच्या, अर्धं शालिनीला देऊ करायच्या आणि ती मांस खात नाही हे आठवून परत झाकण लावायच्या. फोनवर त्या लिबानशी मऊ बोलायच्या. फोन ठेवला की बराच वेळ हात धूत राहायच्या.

गावाने ती गोष्ट उचलली होती. आता विहीर कुणी खणली याची नवी कथा होती म्हणे: कुदळ कुणाची, दोर कुणाचा ते राहू दे, दुष्काळात विहिरीच्या बाईने किनाऱ्याच्या पोराला पाजलं म्हणून पाणी दोघांचं. मुलांना ती मदरशात सांगत. कुणी नवीन माणूस दुबईत आला की आपांना बघायला यायचा आणि ती गोष्ट त्यांच्या तोंडून ऐकायची म्हणून हट्ट धरायचा. आपा म्हणायच्या, मला आठवत नाही. लोक त्याला नम्रता समजायचे.

"खरं सांगून टाकावंसं वाटतं का?" एकदा शालिनीने विचारलं.

आपा म्हणाल्या, सांगून कुणाचं भलं करू? दीकाला परत मागतील. त्या दोघांची शांतता माझ्या दुधावर उभी आहे, जे नव्हतंच. एवढं बोलून त्या हसल्या. ते हसू शालिनीला पुष्कळ दिवस मनातून पुसता आलं नाही.

फिल्सन दोन हजार दोनच्या रमजानात गेली. बाळ आडवं होतं. गावात सुईण नव्हती. जी होती ती आपांच्या नावांमध्ये तिसऱ्या घरात राहायची. मूलही राहिलं नाही. लिबानने फोनवर सांगितलं आणि मग, आईला सांगतात तसं, आता मी काय करू म्हणून विचारलं. आपांनी त्याला धीर दिला. काय म्हणतात ते सगळं म्हटलं, अल्लाची मर्जी, सबर कर, जेवून घे. फोन ठेवून त्या तिसऱ्या मजल्यावर त्या आत्याकडे बसायला गेल्या. तिथे लोकांनी त्यांचंही सांत्वन केलं, त्यांची सून गेली म्हणून. त्यांनी ते घेतलं.

त्यानंतर त्या फारशा बोलल्या नाहीत. शालिनीच्या स्वयंपाकघरात येऊन बसायच्या, लसूण सोलून द्यायच्या. हज करून या, मन हलकं होईल, असं कुणी सुचवलं तर म्हणायच्या, त्या दारात मी कुठल्या हाताने जाऊ. वेदांग त्यांना शाळेतलं काहीबाही दाखवायचा, त्या मान हलवायच्या. गुडघ्यांनी जिना सुटला. मग नमाजही खुर्चीवर. एकदा मात्र दीकाचा बारावीचा निकाल लागला, तेव्हा त्यांनी अंबादासला बोलावून पेढे आणायला लावले आणि व्हॅनमधून आणताना तू निम्मे खाल्लेस म्हणून त्याला टोचलं. अंबादास शपथ घ्यायला लागला. आपा म्हणाल्या, राहू दे, शपथेचं मला सांगू नकोस.

दीका एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर लागली. संध्याकाळी कॉलेज. दोन हजार तीनच्या हिवाळ्यातली ती एक साधी सकाळ होती. शालिनीचे डबे भरून झाले होते आणि ती आपांकडे आंबवलेलं पीठ मागायला गेली होती. दीकाला दवाखान्यात नेणारी गाडी खाली हॉर्न देत होती. दीका नुकतीच न्हाली होती, ओढणी हातातच, पाणी पाठीवर ठिबकत होतं, चहा उभ्यानेच चालला होता. आपा पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. दुपारी शालिनी जेवण घेऊन गेली तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या आणि अंग गार झालं होतं. दीकाला दवाखान्यात फोन करून बोलवावं लागलं. सकाळचं बोलणं दीकाखेरीज फक्त शालिनीने ऐकलं होतं आणि दीकाला ते लोकांपुढे सांगवेना, म्हणून आजी शेवटचं काय म्हणाली ते नंतर शालिनीलाच लोकांना सांगावं लागलं. लोकांना काहीतरी मोठं हवं होतं, गावाबद्दल, विहिरीबद्दल. शालिनीने जे होतं तेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता.

"केस वाळव आधी," आपा दीकाला म्हणाल्या होत्या, "ओल्या केसांनी एसीत बसतेस आणि मग दिवसभर शिंकतेस."